सलग पांच वर्षें, कीं तीन आणि दोन?

बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला, म्हणजे आमच्यासारख्या घरांत आठ-पंधरा दिवस एक निराळीच धांदल उडते. देवापुढें साखर ठेवून होते, शेजारींपाजारीं पेढे वांटून होतात, आणि दुसऱ्याच दिवशीं खरा प्रश्न दारांत उभा राहतो: आतां पुढें काय? पूर्वीं या प्रश्नाचीं उत्तरें दोन-तीनच असत, आणि एकदां विषय ठरला कीं वाट आपोआप ठरे. हल्लीं एकाच विषयाकडे जाणाऱ्या वाटा इतक्या झाल्या आहेत, कीं विषय ठरला तरी वाट ठरत नाहीं. मुलीला रसायनशास्त्र शिकावयाचें आहे, येथवर घरांत एकमत होतें. पण तें तीन वर्षांची बी. एस्सी. करून, कीं चार वर्षांची, कीं पांच वर्षांचा सलग अभ्यासक्रम पत्करून एकदम एम्. एस्सी. होऊनच बाहेर पडावयाचें, येथें मतें फुटतात. मग ज्याला विचारावें तो वडीलधारा आपल्या चाळीस वर्षांपूर्वींच्या अनुभवावरून निकाल देऊन मोकळा होतो.

असल्या वडीलधाऱ्यांपैकीं आम्ही एक आहों. म्हणून आमचा अधिकार किती, तें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. नंतर शास्त्रीबोवांपाशीं बसून कौमुदी घोकली, काव्यें वाचलीं, थोडा न्याय आणि थोडा वेदान्त पाहिला, आणि त्या शिदोरीवर एका शाळेंत जन्मभर संस्कृत शिकविलें. पदव्यांविषयींचें आमचें ज्ञान हें दुसऱ्यांच्या मुलांना त्या मिळवितांना पाहूनच झालेलें आहे. परंतु शिक्षकाच्या पेशांत लोक सल्ला विचारावयास येतात, आणि हळूहळू सल्ला देण्याची संवय जडते. त्या संवयीच्या भरांत आमच्या हातून एकदां एक चूक झाली.

दहा-अकरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा एक हुशार विद्यार्थी वडिलांना घेऊन घरीं आला. परप्रांतांतील एका संस्थेंत पांच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमासाठीं त्याची निवड झाली होती, आणि गांवांतल्या कॉलेजांतहि जागा मिळत होती. ‘गुरुजी, आपण सांगाल तसें करूं,’ असें वडील म्हणाले. पुढ्यांतला चहा संपण्यापूर्वींच आम्हीं निकाल दिला: एका प्रवेशांत दोन पदव्या पदरांत पडतात, मध्यें पुन्हा प्रवेशाची यातायात नाहीं, मग विचार कसला करतां? मुलगा गेला. तिसऱ्या वर्षीं त्याच्या ध्यानांत आलें, कीं प्रयोगशाळेंत आपलें मन रमत नाहीं. आपली ओढ हिशेबाकडे, व्यापाराकडे आहे. सोडूं म्हणाला, तर त्या अभ्यासक्रमांत तीन वर्षांनीं पदवी देऊन मोकळें करण्याची सोयच नव्हती. पांचहि वर्षें पुरीं करा, नाहीं तर रित्या हातानें जा. तो रित्या हातानें परत आला, आणि बरोबरीचीं मुलें पदवीधर होत असतांना बी. कॉम्.च्या पहिल्या वर्गांत जाऊन बसला. यांत त्या संस्थेचा कांहीं दोष नव्हता. नियम माहितीपत्रकांत छापलेला होता. तो मुलानें वाचला नव्हता, वडिलांनीं वाचला नव्हता, आणि ज्यांनीं मोठ्या ऐटींत सल्ला दिला त्या आम्हींहि वाचला नव्हता. मुलाचे वडील पुढें अनेकदां भेटले. एका शब्दानेंहि त्यांनीं आम्हांस बोल लाविला नाहीं. मात्र धाकट्या मुलीच्या वेळीं ते सल्ला विचारावयास आले नाहींत.

गेल्या वर्षीं हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत आला. आमच्या कैलासवासी वडील बंधूंची नात विज्ञानाच्या सलग अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेंत उत्तीर्ण होऊन एका नामांकित संस्थेंत निवडली गेली. तिचे वडील ज्या कॉलेजांतून बी. एस्सी. झाले तेथेंहि तिला जागा होतीच. रात्रीं जेवणें झाल्यावर झोपाळ्यापाशीं बैठक भरली. पुतण्या म्हणाला, ‘काका, पांच वर्षें वसतिगृहाचा खर्च; आणि मध्येंच हिचें मन बदललें तर?’ सूनबाईंचें म्हणणें, येथें घरीं राहून बी. एस्सी. होऊं द्या, पुढचें पुढें पाहूं. धाकटे बंधु म्हणाले, चालून आलेली जागा सोडूं नये. तासभर असें चाललें होतें. तेवढ्यांत आंतून वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, पण पोरीला कोणीं विचारलेंत का?’ पोरगी दाराशीं उभीच होती. सारे आमच्याकडे पाहूं लागले. आम्हांस तो चहाचा पेला आठवला. आम्हीं इतकेंच म्हटलें, ‘बाळ, उद्यां दोन्हीकडचीं माहितीपत्रकें काढ. आपण दोघें बसून वाचूं.’

आमचे शास्त्रीबोवा नवा ग्रंथ हातीं देण्यापूर्वीं चार गोष्टी विचारीत: याचा विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कोणता, आणि अधिकारी कोण? यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. या चार प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक नसतां जो ग्रंथ उघडतो, तो दहाव्या पानावर तरी मिटतो किंवा पाठ करून विसरतो, असें ते म्हणत. नातीबरोबर तीं माहितीपत्रकें वाचतांना आम्हांस दिसून आलें, कीं ही जुनी मोजपट्टी येथेंहि नेमकी लागू पडते.

प्रथम विषय. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सलग अभ्यासक्रम लांबचा आणि साधी पदवी जवळची, असें सारे समजतात. आमचीहि तीच समजूत होती. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें तीन वर्षांत १२० श्रेयांक मिळविल्यास पदवी मिळते, आणि चौथें वर्ष करून १६० श्रेयांक झाल्यास ऑनर्सची पदवी मिळते. तीन वर्षांच्या पदवीवर एम्. एस्सी. दोन वर्षांची, आणि चार वर्षांच्या पदवीवर एकच वर्षाची. म्हणजे तीन अधिक दोन, चार अधिक एक, अथवा सलग पांच, कसेंहि मोजलें तरी बेरीज तीच! चार वर्षांची पदवी ही आपल्याकडे कांहीं अपूर्वाईहि नव्हे. आपल्या आजे-पणज्यांच्या काळीं मॅट्रिकनंतर प्रीव्हियस, इंटर आणि पुढें दोन वर्षें अशी चार वर्षांनींच बी. ए.ची पदवी मिळत असे. तेव्हां ज्याला एम्. एस्सी. व्हावयाचेंच आहे, त्याच्यापुढील प्रश्न लांबीचा नाहीं. वाटेंत दारें किती आहेत आणि तीं कोणाच्या हातीं आहेत, हा खरा प्रश्न आहे.

दोन्हीकडे शिकवितात तें मात्र निराळ्या रीतीनें. सलग अभ्यासक्रमाचें उत्तम उदाहरण म्हणजे, मुलें ज्यांना ‘आयसर’ म्हणतात त्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था. पुण्याची आणि कोलकात्याची या दोन २००६ सालीं निघाल्या; पुढें मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम्, तिरुपति आणि बरहामपूर येथें निघून आज त्या सात आहेत. तेथील पांच वर्षांच्या विज्ञानक्रमांत आरंभीं जीवशास्त्र, रसायन, गणित व पदार्थविज्ञान या सर्वांचा पाया घालतात. मग विद्यार्थी आपल्या आवडीकडे वळतो, आणि शेवटचें वर्ष मुख्यत्वें संशोधन करून प्रबंध लिहिण्यांत जातें. मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनीं मिळून कलिना येथें २००७ सालीं काढलेल्या केंद्रांतहि पांच वर्षांची सलग एम्. एस्सी. आहे. अशा ठिकाणीं शिकविणारा स्वतः संशोधक असतो आणि प्रयोगशाळा लौकर उघडी होते. कॉलेजांतल्या बी. एस्सी.चें बरेंवाईट पुष्कळसें त्या त्या कॉलेजावर अवलंबून असतें. चांगल्या कॉलेजांत जीव ओतून शिकविणारे अध्यापक आम्हीं पाहिले आहेत. मात्र तेथें संशोधनाची गोडी लागावयाची तर ती मुलानें स्वतः शोधावी लागते.

दुसरा संबंध. या पदवीचा पुढच्या दाराशीं संबंध काय? येथें आम्हांस महाराष्ट्रांतल्या दोन विदुषींचीं चरित्रें आठवतात. इरावती कर्वे १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढें मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्र घेऊन १९२८ सालीं त्या एम्. ए. झाल्या, आणि नंतर बर्लिनला जाऊन त्यांनीं मानववंशशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. बी. ए. आणि एम्. ए. यांच्यामध्यें एक उंबरठा होता, म्हणूनच तेथें थांबून त्यांना विषय बदलतां आला. आतां दुसरें चरित्र पाहा. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या. त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तो संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ अर्जदार स्त्री आहे म्हणून नाकारला. बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. अखेर अटी घालून त्यांना प्रवेश देण्यांत आला. १९३६ सालीं त्या एम्. एस्सी. झाल्या आणि १९३९ सालीं केंब्रिजच्या पीएच्. डी. झाल्या. एकीला जो उंबरठा सोयीचा ठरला, तोच दुसरीच्या वाटेंत आडवा आला. दोन पदव्यांमधील दार म्हणजे हेंच: विषय बदलण्याची मोकळीक, आणि पुन्हा प्रवेश मिळेल कीं नाहीं ही धास्ती. सलग अभ्यासक्रम धास्ती काढून घेतो आणि तिच्या मोबदल्यांत बरीचशी मोकळीकहि घेतो. हा सौदा आहे, आणि सौदा म्हणूनच तो पाहावा.

आज स्त्री म्हणून कोणी दार लावीत नाहीं, पण चढाओढ आहेच. तथापि बी. एस्सी. झालेल्याची वाट खुंटते, असें मुळींच नव्हे. आय. आय. टी. वगैरे संस्थांतील एम्. एस्सी.साठीं ‘जॅम’ नांवाची अखिल भारतीय परीक्षा असते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तर बी. एस्सी. झालेल्या मुलांनाहि थेट पीएच्. डी.पर्यंतच्या सलग अभ्यासक्रमासाठीं निवडते. शिवाय २०२२ च्या नियमांप्रमाणें चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के गुण असल्यास पीएच्. डी.च्या प्रवेशास उमेदवार पात्र होतो. म्हणजे त्याला एम्. एस्सी.ची अट राहिली नाहीं. परदेशीं जावयाचें असेल, तर अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा करतात, हें ध्यानांत ठेवावें. आणि ज्याला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावयाचें आहे, त्याला मान्य विद्यापीठाची साधी पदवीहि पुरते. पण ती हातांत पाहिजे. अर्धवट सोडलेलीं चार वर्षें तेथें मोजीत नाहींत.

म्हणूनच प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वीं बाहेर पडण्याचा नियम वाचावा. तीन वर्षांनीं पदवी घेऊन निघतां येतें का? चार वर्षांनीं येतें का? पदवीवर नांव काय लिहिलें जातें? मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठांत नेतां येतात का? हें सर्व आपल्या मुलाच्या तुकडीला लागू असलेल्या छापील नियमांत पाहावें; शेजाऱ्याच्या पुतण्यास काय मिळालें त्यावर जाऊं नये. नियम बदलतात. दिल्ली विद्यापीठानें २०१३ सालीं चार वर्षांची पदवी सुरू केली आणि २०१४ सालीं ती रद्दहि केली. युरोपांत १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर जर्मनीसारख्या देशानें आपला जुना सलग, लांब डिप्लोम मोडून त्याच्या बहुतेक ठिकाणीं पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन पायऱ्या केल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आपण सलग अभ्यासक्रमाच्या नव्या संस्था काढल्या. विद्वानांच्या देशांतहि याचें एकच उत्तर नाहीं, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

तिसरा अधिकारी, आणि आमच्या मतें सारा निर्णय येथेंच आहे. अधिकारी म्हणजे गुण मिळविणारा नव्हे. गुण परीक्षेच्या भीतीनेंहि मिळतात. जो मुलगा कोणी सांगितलें नसतां एखाद्या गोष्टीच्या मागें लागतो, तो त्या गोष्टीचा अधिकारी. नातीबरोबर कागद वाचतांना टिपण करावयास तिनें एक वही पुढें केली. ती घरची जुनी दुधाच्या हिशेबाची वही. आम्ही कोरें पान शोधीत मागून उघडूं लागलों, तों तेथें बारीक अक्षरांत मजकूर. परसांतल्या भिंतीवर कुंभारमाशी मातीचें घर बांधते, तिचें तें टिपण होतें. कोणत्या तारखेस आरंभ, तासाला मातीच्या किती खेपा, आंत किती अळ्या आणून कोंबल्या, तोंड कधीं बंद केलें. असें सुमारें दोन वर्षांचें. मध्येंच एके ठिकाणीं ‘दोन दिवस पाहतां आलें नाहीं, चाचणी होती,’ अशीहि नोंद.

‘हें कोणीं लिहावयास सांगितलें?’ आम्हीं विचारलें.

‘कोणीं नाहीं, आजोबा.’

‘मग कशासाठीं?’

‘ती अळी मरते, कीं नुसती निपचित पडते, तें कळेना म्हणून.’

आमच्या मनांतला निम्मा संशय तेथेंच फिटला. मात्र याच न्यायानें दुसरें उत्तरहि निघतें. धाकट्या बंधूंचा नातू त्याच वर्षीं बारावी झाला. मुलगा तल्लख, रसायनांत पुढें, भाषेंत पुढें, बुद्धिबळांतहि पुढें. पण अजून कशांतच तो असा गुंतलेला नव्हता. त्याच्यासाठीं आम्हीं तीन वर्षांची बी. एस्सी.च बरी म्हटली. ज्याची आवड अद्याप ठरावयाची आहे, त्याला मध्यें उंबरठा पाहिजे. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. अठराव्या वर्षीं आवड न ठरणें हें व्यंग नव्हे. खरी चूक होते ती न ठरलेली आवड ठरली असें धरून पांच वर्षांचा करार करण्यांत.

चौथें प्रयोजन. येथें घरानें आपल्या मनाशीं प्रामाणिक असावें. नोकरी लौकर पाहिजे असेल तर तसें मोकळेपणानें बोलावें; संशोधनाचें नांव पुढें करून मनांत पगाराचा हिशेब करूं नये. सलग अभ्यासक्रम मुख्यत्वें पुढें संशोधन करूं इच्छिणाऱ्यासाठीं आंखलेला असतो. पांच वर्षांनीं मूल घरीं येईल आणि मग ‘आतां मिळकत काय?’ असें आपण विचारूं, तर तें त्याला फसविणेंच होय. पदवीच्या अक्षरांनीं माणूस मोठा होतो, हाहि भ्रम टाकावा. लोकमान्य टिळकांना एम्. ए.च्या परीक्षेंत यश आलें नाहीं; त्यांचे स्नेही आगरकर एम्. ए. झाले. दोघांनींहि मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून शिक्षणाचेंच काम पत्करलें. एकाच्या नांवापुढें एम्. ए. होतें आणि दुसऱ्याच्या नव्हतें, हें आज कितीजणांना आठवतें?

शास्त्रानें न सांगितलेला एक पांचवा अनुबंध आमच्या पुतण्यानें काढला, तो म्हणजे द्रव्य. तो हिशेबहि आम्ही त्याच वहींत मांडला. घरीं राहून बी. एस्सी. करण्यांत राहण्याजेवणाचा खर्च वांचतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु एम्. एस्सी.साठीं पुढें दोन वर्षें परगांवीं जावेंच लागणार असेल, तर भेद पांच वर्षांचा नसून तीन वर्षांचा उरतो. विज्ञानाच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ति २००८ सालीं सुरू झाली. ती वर्षाला ८०,००० रुपयांची असून बी. एस्सी. आणि सलग एम्. एस्सी. या दोन्ही वाटांच्या मुलांसाठीं आंखलेली आहे. त्या त्या वर्षाचे नियम पाहून अर्ज करावा. कर्ज काढावयाचें झाल्यास तें फेडणार कोण, हेंहि आधींच बोलून ठेवावें; एकत्र घरांत न बोललेला पैसा पुढें मनें दुखावतो.

एवढें सारें झाल्यावर आम्हीं निकाल दिला का? नाहीं. दोन दिवसांनीं पुन्हा झोपाळ्यापाशीं सारे जमले, तेव्हां आम्हीं वही नातीच्या हातांत दिली आणि म्हटलें, ‘तूं वाच, आणि तूंच सांग.’ तिनें नियम वाचले, हिशेब वाचला, आणि सलग अभ्यासक्रमास जातें म्हणाली. मग बापाकडे वळून म्हणाली, ‘बाबा, नाहींच जमलें, तर कोणत्या वर्षीं काय घेऊन परत येतां येतें, तें आम्हीं येथें लिहिलें आहे.’ पुतण्यानें तें पान दोनदां वाचलें आणि मान हलविली. वहिनींनीं तिच्या हातावर दही घातलें.

आज तिला तेथें जाऊन वर्ष होत आलें. गणित फार जड जातें असें परवांच तिनें कळविलें. पुढें काय होईल तें आतांच कसें सांगावें? नियमाच्या त्या पानाची एक प्रत आम्हीं पत्रिकांच्या पेटींत जपून ठेविली आहे. देव करो आणि ती काढण्याची वेळ न येवो. पण आली, तर तो नियम वाचलेलें माणूस या वेळीं घरांत आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं यंदा हा प्रश्न असेल, त्यांनीं इतकेंच करावें: निकाल देण्यापूर्वीं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचावें, आणि त्याहि आधीं वहिनींचा प्रश्न विचारावा.